बराकीतला पत्ता, बंदरांतल्या पेढ्या

जून २०२१ मध्ये माल्टा या भूमध्य समुद्रातल्या चिमुकल्या देशाने एक नवा परवाना काढला. लॅपटॉपवर पोट असलेल्या परदेशी माणसाने इथे यावं, घर भाड्याने घ्यावं, बाजारहाट इथे करावा. काम मात्र बाहेरच्या कंपनीचं करावं, इथल्या कुणाची नोकरी घेऊ नये. जानेवारी २०२३ पासून स्पेननेही असा व्हिसा सुरू केला. त्याआधीच कॅनरी बेटांवरचं लास पाल्मास शहर अशा फिरत्या कामकऱ्यांचं आवडतं ठाणं झालं होतं. मार्च २०२४ च्या अखेरीस जपानने सहा महिन्यांचा व्हिसा आणला. अशी माणसं स्वतःला 'डिजिटल नोमॅड' म्हणवून घेतात आणि कामाची ही तऱ्हा इंटरनेटने जन्माला घातली असं धरून चालतात.

माल्टा, कॅनरी बेटं, जपान. सिंधमधल्या हैदराबादच्या व्यापाऱ्यांना ही नावं शंभर वर्षांपूर्वीच तोंडपाठ होती. तिथले तरुण व्हॅलेट्टा, तेनेरीफ, योकोहामा, कोबे अशा बंदरांत अडीच-तीन वर्षं राहत, पगार हैदराबादच्या पेढीचा घेत आणि मुदत संपली की बोटीने घरी परतत. १९४७ मध्ये त्यांचं हे घरचं गावच नकाशाच्या पलीकडे गेलं. बंदरांतल्या पेढ्या चालू राहिल्या, पण परतायची जागा उरली नाही. फाळणीनंतर सिंधमधून निघालेल्यांपैकी लाखभर माणसं कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत उतरली. त्या छावणीचं उल्हासनगर झालं. घरापासून दूर राहून काम करण्याचा इतिहास पाहायचा तर या गावापासून मागेही जाता येतं आणि रेल्वेच्या रुळांवरून पुढे अंबरनाथ-बदलापूरपर्यंतही येता येतं.

या कहाणीची सुरुवात १८४३ मध्ये होते. इंग्रजांनी तालपूर मीरांचा पराभव करून सिंध ताब्यात घेतला आणि हैदराबादचा दरबार संपला. दरबाराला कापड, जवाहीर आणि कर्ज पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांचं गिऱ्हाईकच गेलं. शहरातल्या हिंदूंमध्ये दोन मोठे वर्ग होते. दिवाणगिरी, कारकुनी करणारे ते आमिल. दुकानदारी, सावकारी करणारे ते भाईबंद. आमिलांनी इंग्रजी शिकून नव्या राजवटीत नोकऱ्या धरल्या. भाईबंदांनी गाठोडी उचलली. हाल्याची रंगीत मातीची भांडी, जंडीच्या लाखकामाचे डबे, सिंधी भरतकाम असा माल घेऊन ते मुंबईला आले आणि इथल्या गोऱ्या साहेबांना, त्यांच्या मडमांना विकू लागले. सिंधच्या या कारागिरीला 'सिंध वर्क' म्हणत. ती विकणारे ते सिंधवर्की.

१८६० च्या आगेमागे पोहूमल ब्रदर्स, जे. टी. चनराय, वासियामल आसुमल अशा पेढ्या उभ्या राहिल्या. १८६९ मध्ये सुएझचा कालवा सुरू झाला आणि युरोपकडे जाणारा बोटींचा रस्ता इजिप्तवरून जाऊ लागला. बोटी थांबत त्या बंदरांत प्रवासी उतरत. प्रवासी उतरत तिथे सिंधवर्की दुकान टाकत. कैरो, अलेक्झांड्रिया, माल्टा, जिब्राल्टर, तेनेरीफ असे ते पश्चिमेकडे सरकले. पूर्वेकडे कोलंबो, सिंगापूर, जावा, हाँगकाँग, शांघाय, योकोहामा. १९१४ मध्ये पनामाचा कालवा खुला झाल्यावर तिथेही त्यांच्या पाट्या लागल्या. तोवर दुकानांत सिंधचा माल नावालाच उरला होता. जपानी रेशीम माल्टात, चिनी भरतकाम पनामात, असा सौदा चाले. हैदराबादेत मात्र यातलं काही पिकत नव्हतं आणि काही खपतही नव्हतं. तिथे होत्या त्या फक्त वह्या, भांडवल आणि माणसं.

फ्रेंच इतिहासकार क्लोद मार्कोव्हित्स यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या जाळ्याचा माग बुखाऱ्यापासून पनामापर्यंत काढला आहे. बुखारा ही दुसऱ्या एका सिंधी शहराची, शिकारपूरची वाट. शिकारपुरी सराफ खुष्कीच्या मार्गाने मध्य आशियात जात आणि हुंड्या, सावकारी करत. रशियातल्या क्रांतीनंतर तो धंदा बसला. शिकारपूरची वाट उंटांची होती, हैदराबादची आगबोटींची. म्हणूनच आगबोट, टपाल आणि तार या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर हैदराबादचा व्यापार इतक्या वेगाने पसरला.

हे काम चाले कसं? पेढीचं मुख्य कार्यालय हैदराबादेत असे. मालक बहुतेक वेळ तिथेच बसत. शाखांवर पाठवायची माणसं जातीतून, नात्यातून, ओळखीतून निवडली जात आणि त्यांच्याशी ठरावीक मुदतीचा करार होई. बोटीचं भाडं पेढी देई, राहण्या-जेवणाची सोय पेढी करी, आणि पगाराचा मोठा भाग परस्पर घरी पोचता होई. चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा पहिल्यांदा निघे तेव्हा तो झाडलोट, गाठोडी बांधणं, गिऱ्हाइकाला हाक मारणं अशी कामं करी. दुसऱ्या कराराला विक्रेता, तिसऱ्याला कदाचित शाखेचा व्यवस्थापक. हुशार निघाला तर नफ्यात वाटा मिळे. त्याहून हुशार निघाला तर तो स्वतःची पेढी काढी आणि जुन्या मालकाच्या समोरच दुकान थाटी.

शाखेतलं जगणं आजच्या फिरस्त्यांना हेवा वाटावं असं मुळीच नव्हतं. दुकानाच्या मागे किंवा वर एकच मोठी खोली, तिथे सगळ्यांनी झोपायचं. स्वयंपाकी एक, ताट सगळ्यांचं सारखं. समोर अख्खं कैरो किंवा कोबे पसरलेलं असे, पण पोराचा दिवस काउंटरवर जाई आणि रात्र जमाखर्चात. मात्र भाषा ते झपाट्याने उचलत. गिऱ्हाइकाशी बोलण्यापुरती इंग्रजी, स्पॅनिश, अरबी, मलय अशा भाषा त्यांच्या तोंडी बसत, आणि हिशेबाच्या वहीत खुदाबादीसारखी व्यापारी लिपी असे, जी त्या शहरात दुसऱ्या कुणाला वाचता येत नसे. परक्या गावातही आपला कारभार आपल्यापुरता ठेवण्याचा हा साधा बंदोबस्त होता.

दूर गेलेल्या माणसाइतकीच मागे राहिलेल्यांचीही ही कहाणी आहे. करार एकट्या पुरुषाचा असे. बायको-मुलं हैदराबादेत राहत. लग्न करून महिन्याभरात निघालेला नवरा अडीच वर्षांनी परते, काही महिने थांबे आणि पुन्हा बोट धरी. भाईबंदांच्या गल्ल्यांत, घरांच्या छपरांवर वारा ओढून घेणारे मंघ असलेल्या त्या शहरात, बायकांनी चालवलेली घरं शेकड्यांनी होती. पैसा वेळेवर येई. माणूस येत नसे.

याच वस्तीत १९३६ च्या सुमारास लेखराज कृपलानी या हिऱ्यांच्या व्यापाऱ्याने ओम मंडळी नावाचा सत्संग सुरू केला. स्वतः भाईबंद असलेल्या लेखराज यांच्याकडे येणाऱ्यांत भाईबंद घरांतल्या बायका-मुलींचा भरणा मोठा होता. ब्रह्मचर्याची शपथ घेतलेल्या बायका परदेशाहून परतलेल्या नवऱ्यांना नकार देऊ लागल्या, तेव्हा शहरात खळबळ माजली. पंचायतीने विरोध केला, निदर्शनं झाली, खटले झाले. १९३८ मध्ये मंडळी कराचीला हलली आणि १९५० मध्ये अबूच्या पहाडावर गेली. आज ती 'ब्रह्माकुमारी' म्हणून जगभर ओळखली जाते. या संस्थेच्या जन्माची कारणं धार्मिक आहेतच. पण दूरच्या नोकरीने रिकाम्या केलेल्या घरांचा त्यात भाग नव्हता असं म्हणता येणार नाही.

परक्या शहरात राहण्याचे धोकेही याच काळात दिसले. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झालं. तिथे असलेल्या भारतीय व्यापाऱ्यांत सिंधी बरेच होते. त्यांतले काही मेले, वाचलेल्यांपैकी अनेकांनी कोबे गाठलं. योकोहामाच्या लोकांनी संकटात केलेल्या मदतीची आठवण म्हणून भारतीयांनी पुढे तिथल्या यामाशिता उद्यानात एक पाणपोई बांधली. घुमटाची ती छोटी वास्तू अजून उभी आहे. भूकंप निदान सगळ्यांना सारखा होता. कायदे तसे नव्हते. जिब्राल्टरपासून पनामापर्यंत स्थानिक दुकानदार सिंध्यांविरुद्ध तक्रारी करत: हे रात्री उशिरापर्यंत दुकान उघडं ठेवतात, कमी नफ्यावर विकतात, पैसा इथे खर्च न करता घरी पाठवतात. १९४१ च्या पनामाच्या राज्यघटनेने तर भारतातून येणाऱ्यांना निषिद्ध वंशांच्या यादीतच घातलं. परक्या शहरात राहून बाहेरच्या पेढीचा पगार घेणारा माणूस तेव्हा संशयित होता. आज त्याच वर्णनाच्या माणसाला सरकारं जाहिराती करून बोलावतात.

मग १९४७ आलं. सिंध पंजाबसारखा विभागला जाण्याचा प्रश्नच नव्हता. तो पूर्णपणे पाकिस्तानात गेला. सुरुवातीला अनेक हिंदू तिथेच थांबले. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि निघणाऱ्यांची रीघ लागली. बोटी कराचीहून मुंबईच्या गोदीला लागू लागल्या.

सिंधवर्की पेढ्यांसाठी ही उलथापालथ विचित्र होती. लागोसचं दुकान जागच्या जागी होतं, हाँगकाँगचं होतं, जिब्राल्टरचं होतं. नाहीसं झालं ते मुख्य कार्यालय. बाहेर असलेल्यांनी ज्या पासपोर्टवर प्रवास केला होता ते ब्रिटिश हिंदुस्थानचे होते आणि ब्रिटिश हिंदुस्थानच उरला नव्हता. कोणी भारताचा पासपोर्ट घेतला, कोणी राहत होते त्या वसाहतीचा, पुढे कोणी स्पेनचा. मोठ्या पेढ्यांनी मुंबईत कार्यालयं थाटली किंवा बायका-मुलांना बाहेरच बोलावून घेतलं. जिथे अडीच वर्षं राहायचं तिथे आता कायमचं राहायचं, असा हा बदल होता. तेनेरीफ, हाँगकाँग, लागोस इथल्या आजच्या सिंधी वस्त्यांची बैठक त्याच दशकात पक्की झाली.

या पेढीवाल्यांतल्या एकाने निराळीच वाट धरली. हैदराबादच्या दयालदास घराण्यातले भाई प्रताप यांनी सिंधू रिसेटलमेंट कॉर्पोरेशन स्थापन केलं, कच्छच्या महारावांकडून जमीन मिळवली आणि विस्थापितांसाठी कांडला बंदराशेजारी गांधीधाम वसवलं. बंदरांवर जगलेल्या व्यापाऱ्याला नवं शहरही बंदराशेजारीच सुचलं, हे त्याच्या सवयीला धरून होतं.

कल्याणच्या छावणीमागे असं कुणाचं स्वप्न नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांची ने-आण करण्यासाठी उभारलेली ही जागा युद्ध संपताच ओस पडली होती. मधे लांबलचक दालन आणि दोन्ही टोकांना खोल्या, अशा दोन हजारांवर बराकी. पाच भाग, त्यांना आकडे: कॅम्प एक ते पाच. निर्वासितांच्या लोंढ्यासाठी सरकारला इतकी तयार छपरं दुसरीकडे मिळणं शक्य नव्हतं. दालनांत साड्यांचे, पोत्यांचे पडदे टांगून घरं पाडली गेली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते इथे वसाहतीची कोनशिला बसली आणि जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळालं.

छावणीत आलेले सगळे सिंधवर्की नव्हते. बड्या पेढ्यांचे मालक तर इथे आलेच नाहीत. आले ते हैदराबाद, शिकारपूर, लारकाना, नवाबशाहकडचे लहान दुकानदार, शिक्षक, कारकून, मुनीम, जमीन गमावलेले शेतमालक. पण दुकानदारीचं ज्ञान गावागावांतून आलेल्या या गर्दीत मुबलक होतं, आणि भांडवल जवळपास शून्य. त्यामुळे उल्हासनगरात कामाची जी रीत पडली ती सिंधवर्कीच्या नेमकी उलट होती. तिकडे माणूस घर सोडून कामाकडे जाई. इथे काम घरात आलं. बराकीच्या एका टोकाला संसार, दुसऱ्या टोकाला कारखाना. पापड, लोणची, गोळ्या-बिस्किटं, शिवणकाम, मेणबत्त्या, प्लास्टिकच्या वस्तू. हैदराबादेत पैशांच्या मनिऑर्डरीची वाट पाहणाऱ्या बायका इथे पापड लाटून घर चालवू लागल्या.

तयार माल विकायला मुंबई होती, आणि मुंबईला जायला गाडी. उल्हासनगरचं स्वतंत्र स्थानक १९५५ मध्ये झालं. तोवर विठ्ठलवाडी किंवा कल्याणपर्यंत पायपीट. सकाळच्या लोकलमधून पोतडी घेऊन निघालेला सिंधी फेरीवाला डब्यातच विकायला सुरुवात करी. मुंबईतल्या मराठी मध्यमवर्गाची सिंध्यांशी पहिली ओळख अशी डब्यात झाली. थोडी कौतुकाची, थोडी चिडीची, कारण दादरच्या जुन्या दुकानदारापेक्षा हा दोन आणे कमी घेई. पनामातल्या दुकानदारांची तक्रार तीच होती.

हळूहळू बराकींची घरं झाली, घरांचे मजले झाले, मजल्यांची मालकी गुंतागुंतीची झाली. इतकी, की बेकायदा बांधकामं नियमित करण्यासाठी महाराष्ट्र सरकारला २००६ मध्ये या एका शहरापुरता स्वतंत्र कायदा करावा लागला. गजानन मार्केट, जपानी बाजार, फर्निचरची दुकानं, कॅम्प पाचचा जीन्सचा धंदा यांनी उल्हासनगरला घाऊक बाजाराचं गाव केलं. जीन्स धुण्या-रंगवण्याच्या कारखान्यांनी वालधुनी नदीचा रंग बदलला, आणि प्रदूषणाच्या तक्रारींनंतर त्यांच्यावर कारवाई झाली. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद मुंबईत दोन पिढ्या ऐकत आल्या. त्यात नक्कल करण्याचा टोमणा होता. पण परदेशी दिसणारा माल परदेशात न जाता बनवता येतो, हे त्या टोमण्याने मान्यही केलं होतं. पत्ते मात्र बदलले नाहीत. बराक क्रमांक, खोली क्रमांक, सेक्शन: पोस्टमनला आजही उल्हासनगरचं घर याच खुणांवर शोधावं लागतं.

बंदरांतल्या पेढ्यांशी नातं तुटलं नाही. परदेशी शाखांना माणसं लागतच होती आणि हैदराबाद बंद झाल्यावर ती मुंबई आणि आसपासच्या सिंधी वस्त्यांतून घेतली जाऊ लागली. करार तेच राहिले: ठरावीक वर्षं, राहणं-जेवण पेढीचं, सुट्टीला एकदा घरी. फरक इतकाच की सुट्टीचं घर आता अनेकांसाठी छावणीत होतं. उलट दिशेने देणग्या आल्या. सिंधमधून इथे आलेल्या प्राचार्य के. एम. कुंदनानी आणि होतचंद अडवाणी यांनी १९४९ मध्ये हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्ड स्थापन केलं. चर्चगेटजवळच्या त्यांच्या एका महाविद्यालयाला किशिनचंद चेलाराम या सिंधवर्की व्यापाऱ्याचं नाव आहे. याच संस्थेने १९६५ मध्ये उल्हासनगरात चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय सुरू केलं. ठाणे जिल्ह्यातल्या अनेक मराठी मुलामुलींनी पदवी घेतली ती याच 'सीएचएम'मधून.

हाँगकाँगच्या हरिलेला कुटुंबाचं उदाहरण या मधल्या काळाचं आहे. हैदराबाद (सिंध) इथून चीनकडे गेलेल्या या घराने युद्धानंतर अमेरिकी आणि ब्रिटिश सैनिकांसाठी कपडे शिवायला घेतले. सैनिक मायदेशी परतले तरी त्यांची मापं वहीत होती. मग टपालाने मागणी घेऊन, सूट शिवून, पार्सलने पाठवणं सुरू झालं. गिऱ्हाईक अमेरिकेत, शिंपी हाँगकाँगात. १९९७ मध्ये हाँगकाँग चीनकडे गेलं तेव्हा तिथल्या भारतीयांपुढे पुन्हा १९४७ सारखा प्रश्न आला: चीन नागरिकत्व देणार नाही, भारताचं सोडलेलं, ब्रिटनचं अर्धवट. त्यांना संपूर्ण ब्रिटिश नागरिकत्व देणारा कायदा लंडनच्या संसदेने त्याच वर्षी केला.

माल्टातही हे धागे टिकून आहेत. मार्क-अँथनी फाल्झन या माल्टाच्या मानववंशशास्त्रज्ञाने आपल्याच देशातल्या सिंधी दुकानदारांपासून सुरुवात करून लंडन आणि मुंबईपर्यंत अभ्यास केला. २००४ मध्ये त्याचं पुस्तक झालं. हे लोक कुठल्या एका देशाचे म्हणून नव्हे, तर एकमेकांशी असलेल्या लग्नसंबंधांनी, भागीदाऱ्यांनी आणि मुंबईच्या फेऱ्यांनी सिंधी राहतात, असं त्याला दिसलं. हैदराबादची जागा काही अंशी मुंबईने घेतली होती.

उल्हासनगरच्या पुढचा टापू या गोष्टीत वेगळ्या बाजूने येतो. परदेशाशी देवघेव इथे नवी नव्हती. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे आणि कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत दान देणारे कल्याणचे व्यापारी सापडतात. अंबरनाथचं शिलाहारकालीन शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चं. तेही वालधुनीच्याच काठी. मे १८५६ मध्ये कल्याणहून खोपोलीच्या दिशेने रेल्वे सुरू झाली आणि ही गावं मुंबईला जोडली गेली. विसाव्या शतकात अंबरनाथला धरमसी मोरारजी केमिकल, स्वीडिश भांडवलाची विमको काडेपेटी कंपनी, मग स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याचा कारखाना आला. कामगार कारखान्याच्या भोंग्याच्या अंतरावर राहत. पुढे कारखाने मंदावले आणि गावांचं काम बदललं: इथे झोपायचं, मुंबईत कमवायचं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंबरनाथ ६० किलोमीटर, बदलापूर ६८. २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेलं बदलापूर २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेलं. परळ-दादरच्या चाळी सोडून आलेलं, स्वतःच्या मालकीचं घर घेतलेलं मराठी कुटुंब हा त्यातला मोठा हिस्सा.

या कुटुंबाचा करार सिंधवर्कीपेक्षा लहान मुदतीचा होता, एक दिवसाचा. पहाटे निघायचं, रात्री परतायचं. मुलं झोपलेली सोडायची आणि झोपलेलीच भेटायची. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं, तेव्हा ही वाट किती नाजूक आहे ते देशाने पाहिलं. इथल्या लोकांना ते दर पावसाळ्यात ठाऊक असतं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत लोकल थांबल्या. अत्यावश्यक सेवेतल्यांना जूनपासून गाडी मिळाली. बाकीच्यांना नीट प्रवास करायला ऑगस्ट २०२१ उजाडला, तोही लशीच्या दोन मात्रा झालेल्यांना. त्या दीड वर्षात ऐरोली, पवईच्या कंपन्यांचं काम बदलापूरच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारून झालं. सत्तर वर्षांपूर्वी शेजारच्या उल्हासनगरात एकाच खोलीत संसार आणि कारखाना मांडले गेले होते. आता पुन्हा कार्यालय घरात शिरलं. बायकांच्या वाट्याला दोन्हीकडची कामं एकाच वेळी आली, हेही तेव्हासारखंच. मग कंपन्यांनी हळूहळू परत बोलावलं. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या लोकलच्या जागी वातानुकूलित गाडी आणल्यावर बदलापूरचे प्रवासी संतापून स्थानकात जमले आणि मध्य रेल्वेने अशा दहा फेऱ्या मागे घेतल्या. कार्यालयं पुन्हा भरली होती, याची ती पावतीच.

घरून काम करता येतं हे एकदा कळल्यावर, ते बदलापूरऐवजी माल्टातून का करू नये असा विचार करणारे तरुण इथेही आहेत. त्यांना आधी अटी वाचाव्या लागतात. माल्टाला २०२४ पासून वर्षाला ४२ हजार युरोची मिळकत दाखवावी लागते; जपानला एक कोटी येन, आणि तो व्हिसाही ठरावीक देशांच्याच नागरिकांना मिळतो. साधारण १९०० साली हैदराबादच्या गल्लीतून निघालेल्या पंधरा वर्षांच्या पोराकडे मिळकतीचा दाखला मागितला असता तर तो माल्टाला पोचलाच नसता. त्याच्याकडे पेढीचा करार होता, साम्राज्याची प्रजा असल्याचा कागद होता आणि खिशात फारसं काही नव्हतं. आजचा व्हिसा आधीच कमावत्या माणसासाठी आहे. सिंधवर्कीचा करार कमवायला निघालेल्यासाठी होता. त्या पोराच्या मार्गाने जाणारे अजूनही आहेत, पण ते स्वतःला नोमॅड म्हणवत नाहीत. आखाती देशांत आणि आफ्रिकेतल्या बंदरांत ठरावीक वर्षांच्या करारावर जाणारे हिशेबनीस, विक्रेते, गोदाम सांभाळणारे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशाच गावांतून जातात. राहणं-जेवण कंपनीचं असतं, बायको-मुलं मागे राहतात, आणि करारात किती महिन्यांनी घरी यायचं ते आकड्यात लिहिलेलं असतं.